दक्षिणेची टूर मे महिन्यातच का काढता?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दक्षिण दर्शनच्या जाहिराती बघितल्या, अर्धं पान भरून. अकरा दिवस, बावीस ठिकाणं, घरगुती महाराष्ट्रीयन जेवण, आणि निघायच्या तारखा बघाव्या तर सगळ्या एप्रिल-मे मधल्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीतल्या. ह्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण ह्याच तारखांपायी आमचे पैसे एकदा पाण्यात गेलेत, म्हणजे पाण्यात सुद्धा नाही, कोरड्या दगडावर गेलेत.

झालं असं की चार वर्षांपूर्वी मे मध्ये मी, सौ., मेहुणे आणि त्यांच्या मिसेस असे चौघं एका टूरवाल्याबरोबर गेलो. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. कार्यक्रमाच्या कागदावर मदुराई ते कन्याकुमारीच्या मधे लिहिलेलं होतं "कुट्रालम धबधबे व स्नान". सौ.नी आदल्या रात्री सगळ्यांचे टॉवेल वेगळ्या पिशवीत भरून ठेवले. बस पोचली दुपारी एकला. समोर भलामोठा काळा कडा आणि त्यावरून नळ नीट बंद न केल्यावर भिंतीवर ओघळ उतरतो ना तेवढं पाणी, खाली माकडं बसलेली. म्हटलं निदान देवळात जाऊ, तर देऊळ दुपारचं बंद, तिकडं बारा-साडेबाराला कुलूप लागतं ते चारशिवाय उघडत नाही, आणि आमच्याकडं वेळ होता पाऊण तास. टूर मॅनेजर म्हणाला काका निसर्गापुढं आपलं काय चालतं. टॉवेल घडी न मोडता परत आणले.

पण खरं सांगायचं तर निसर्गाची काही चूक नव्हती, चूक कॅलेंडरची. तमिळनाडूचा बराचसा भाग आपल्या मान्सूनमध्ये कोरडा असतो, तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. म्हणजे दिवाळीत रामेश्वरला गेलेली आपली माणसं छत्री घेऊन फिरतात आणि परत येऊन सांगतात की आमच्याच नशिबात पाऊस होता. नशीब कसलं, तिकडचा तो पावसाळाच आहे! कुट्रालमचं मात्र उलटं आहे. तिथं सह्याद्रीच्या रांगेत शेनकोट्टैजवळ एक खिंड आहे, पलीकडं केरळ, आणि जून लागला की केरळातला पाऊसवारा त्या खिंडीतून अलीकडं घुसतो. ऊन पण पडतंय, मधेच बारीक भुरभुर पण चालू, वारा गार, ह्याला तिकडं "सारल" म्हणतात. आपली श्रावणातली सर आठवली मला. जून ते सप्टेंबर हाच तिथला सीझन, सरकार सारल महोत्सव सुद्धा ह्याच दिवसात भरवतं.

हे सगळं कळल्यावर मेहुण्यांनी आणि मी पुढच्या जुलैत स्वतःच जायचं ठरवलं. दादरहून पुणे-मिरज मार्गे थेट तिरुनेलवेलीला गाडी आहे, दीड दिवसाच्या वर लागतो, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घेतल्या की झालं. तिरुनेलवेलीला एक रात्र थांबा, नेल्लैयप्परचं म्हणजे शंकराचं देऊळ बघा, त्यातले दगडी खांब वाजवले की स्वर निघतात, आणि संध्याकाळी गव्हाच्या चिकाचा गरम हलवा खा, तूप हाताला लागून राहतं दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथून तेनकाशी साधारण पंचावन्न किलोमीटर आणि तेनकाशीहून कुट्रालम पाचेक. वाटेत पवनचक्क्या गरगर फिरताना दिसल्या तेव्हाच मेहुणे म्हणाले, दाजी आज पाणी आहे.

आणि होतं! तोच कडा, पण आता ओळखू येईना. पेररुवी म्हणजे मोठा धबधबा, साठेक मीटर उंचीवरून येतो पण मधे कड्यावर आपटून फुटतो म्हणून खाली उभं राहता येतं. बायकांना वेगळी बाजू, पुरुषांना वेगळी, धरायला लोखंडी कठडे. साबण, शाम्पू, तेल लावून पाण्यात जायला बंदी, आणि ही बंदी फार बरी आहे. पाठीवर पाणी पडतं ते कसं सांगू, कोणीतरी वरून ज्वारीची पोती एकामागं एक सोडून देतंय असं वाटतं, श्वास कोंडतो, ओरडावंसं वाटतं आणि सगळे ओरडतच असतात. सौ. कडेला साडी धरून उभ्या, तर एका म्हाताऱ्या तमिळ आजींनी त्यांचा हात धरला आणि "वांगा, वांगा" करत आत ओढून नेलं. सौ.ना वाटलं ह्या बाई वांगी का मागतायत. वांगा म्हणजे या! नंतर दोघी अर्धा तास बाहेर आल्या नाहीत, एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता.

मोठ्या धबधब्यात गर्दी फार वाटली तर ऐंदरुवी आहे, तिथं पाण्याच्या पाच धारा पडतात, आणि जुनं कुट्रालम नावाचा धबधबा आहे. आणखी काही डोंगरात वर आहेत पण तिकडं पावसाळ्यात जायचा हट्ट करू नये.

आता देवळाचं. मी अकोल्याचा, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा. आमच्याकडं प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम, महाशिवरात्रीला यात्रा भरते, लहानपणापासून ऐकत आलो की अगस्ती विंध्य ओलांडून दक्षिणेला आले. पुढं कुठं गेले हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. कुट्रालनाथराच्या देवळात पुजाऱ्यानं मोडक्या हिंदीत गोष्ट सांगितली की हे आधी विष्णूचं देऊळ, अगस्ती आले आणि मूर्तीच्या डोक्यावर हात दाबून तिचं शिवलिंग केलं, अजून बोटांचे ठसे आहेत, आणि तेव्हापासून देवाचं डोकं दुखतं म्हणून जडीबुटीचं तेल लावतात. मला एकदम हसू पण आलं आणि गहिवरलो पण. आमचे अगस्ती इथं येऊन हे करून बसले होय! आपल्या विठोबानं डोक्यावर शिवलिंग घेतलंय, इथं विष्णूचाच शिव झालाय. नटराजाच्या पाच सभा, म्हणजे नाचाच्या जागा, मानतात त्यातली चित्रसभा इथली, वेगळी इमारत आहे, तिथं नटराज मूर्तीत नाही तर भिंतीवरच्या चित्रात आहे. बसवाले तिकडं नेतच नाहीत.

तेनकाशीचं काशी विश्वनाथाचं देऊळ पंधराव्या शतकात पराक्रम पांड्यानं बांधलं, नऊ मजली गोपुर, आणि दारातून वारा असा येतो की पदर आणि टोपी दोन्ही सांभाळावं लागतं. ज्यांना काशीला जाणं जमत नाही त्यांची ही दक्षिणेतली काशी. ह्या राजानं लिहून ठेवलंय की हे देऊळ पुढं जे कोणी सांभाळतील त्यांच्या पायावर माझं डोकं, अशा अर्थाचं. राजा असून!

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. 2024 च्या मे महिन्यात जुन्या कुट्रालमला वर डोंगरात अवकाळी झाला आणि खाली अचानक लोंढा येऊन एक 17 वर्षांचा मुलगा वाहून गेला. पाणी वाढलं की पोलीस शिट्टी मारून सगळ्यांना बाहेर काढतात आणि धबधबा बंद करतात, मग कधी चार तास कधी दोन दिवस. आमच्या वेळी एक सकाळ अशी गेली. एक दिवस जास्तीचा ठेवून गेलात तर रुखरुख लागत नाही, आणि तिरुनेलवेलीकडच्या पापनाशमला अगस्तियर धबधबा आहे, त्याला बाराही महिने पाणी असतं, नाव पण परत आमच्या ऋषींचंच.

तंजावरचं तर वेगळं पत्र होईल. पहिल्या टूरमध्ये बृहदीश्वराला चाळीस मिनिटं दिली होती, शिखर बघितलं, नंदीसमोर फोटो काढला आणि बसमध्ये. 1803 साली तिथले मराठी राजे सरफोजी ह्यांनी भोसले घराण्याचा इतिहास त्याच देवळाच्या आवाराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतलाय हे मला घरी आल्यावर कळलं. मराठी माणसांच्या बसला मराठी शिलालेख दाखवला नाही.

तर साहेब, विनंती एवढीच की पुरवणीत जाहिरातींशेजारी एक छोटा चौकोन छापत जा, कोणत्या महिन्यात कुठं पाणी असतं आणि कोणतं देऊळ दुपारी किती वाजता बंद होतं एवढाच. आम्ही परत ह्या जुलैत निघतोय, सौ. सध्या तमिळचे आकडे पाठ करतायत, आजींना वय विचारायचं राहिलं म्हणे.

आपला,
एक जुना वाचक, अकोले