बशीतली गोळी

म्हार्दोळ,
१२ ऑक्टोबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. चवथीआधीच्या तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. माझा गुडघा आहे तसाच आहे. लिहायचे आहे ते तुझ्या वहिनीविषयी.

माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान घेताना माशेलच्या बाजारात ती एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि श्वास पुरत नाही म्हणाली. सुपारीचे शिपटे माझ्या खांद्यावर होते, म्हणून मी म्हटले, "ओझे मी वाहतो आणि धाप तुला?" हा विनोद मला आता झोपू देत नाही.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. हृदयाचे आकुंचन उत्तम, दर ठोक्याला साठ टक्के रक्त बाहेर पडते. परंतु आकुंचनानंतर डावा कप्पा लवकर सैल होत नाही. रक्तातले टीएसएच (थायरॉइड कमी पडले की वाढते ते) १८ निघाले, जे साधारण ४ च्या आत हवे. तिचा हाशिमोटो तुला ठाऊकच आहे; शरीर आपल्याच थायरॉइडवर उठते तो. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूतले कॅल्शियम परत साठ्यात ओढण्याचे काम मंदावते, आणि जे हृदय वेळेवर सैल होत नाही ते नीट भरतही नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मला तुझा तबला आठवला. थाप पडायची, पण हात उचलला जायचा नाही. (दोष शाईचा नव्हता, हे मी आजही म्हणेन.)

मग त्यांनी विचारले, गोळी कशी घेता? मी अभिमानाने म्हणालो, मीच देतो. दोन वर्षे रोज सकाळी दुधाचा चहा, बशीत थायरॉइडची इवलीशी गोळी आणि शेजारी हाडांसाठीची कॅल्शियमची जाडजूड गोळी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. ती गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा किमान अर्ध्या तासाने, कॅल्शियम तर चार तासांनी. एरवी ती पुरती अंगी लागत नाही. परतताना ती एवढेच म्हणाली, "चहा मात्र चांगला असायचा."

डोस त्यांनी वाढवला नाही. अंगी लागू लागलेली गोळी अति झाली, तर ठोका अनियमित होण्याची भीती असते. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. थायरॉइडमुळे आलेला हा ताठरपणा उपचाराने बरेचदा ओसरतो. परंतु यात थायरॉइडचा वाटा किती आणि तिच्या रक्तदाबाचा व एकसष्ट वर्षांचा किती, हे त्यानंतरच उमगेल. तुझ्या आईच्या पायांवरची सूज आपण दोघांनी पावसाळी हवेवर ढकलली होती, म्हणून हे तुलाच लिहितो आहे. मुलांना मी फक्त "गोळीची वेळ बदलली" एवढेच सांगितले आहे.

आता साडेपाचला ती स्वतः पाण्याचा पेला घेते आणि साडेसहापर्यंत मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही.

चिरंजीवांच्या नोकरीचे कळले, आनंद झाला. जागेच्या व्यवहाराचे कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तपासणी १६ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी दुपारी फोन जवळ ठेव.

तुझा,
बाबल