गाडीचं नाक आणि चिरंजीव

रामबाग, इंदूर
फेब्रुवारी अखेर

प्रिय बंड्या,

तुझे फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या पत्रालाही उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर काठावर. झालं आरोग्य.

मुद्दा गाडीचा आहे आणि घरात तो कुणापुढे काढायची सोय नाही. चिरंजीवांनी आपल्या इसुझू पिकअपला पुढून उचलायचं किट मागवलंय. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड चकत्या आणि लांब बोल्ट. शॉकरच्या डोक्यावर बसवायच्या. त्याचं म्हणणं, मोकळी गाडी नाक मुठीत धरून उभी असल्यासारखी दिसते, मित्र हसतात. आपला मेकॅनिक उस्तादही त्याच्याच बाजूचा: "भिया, दो घंटे का काम है, स्प्रिंग खोलनी ही नहीं." टेप काढून चाकाच्या मध्यापासून (हबपासून) मडगार्डच्या काठापर्यंत मोजलं आणि फरक काढून दाखवला. मी म्हटलं, पुढच्या-मागच्या मडगार्डची कापणी एकसारखी असते का? चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जमिनीपासून मोज! (हे वाक्य तुझं आहे, मला माहीत आहे. उसनं घेतलं.)

आता खरं सांगतो. गेल्या आठवड्यात महूच्या शेतातून बटाट्याचे कट्टे भरून रात्री चोइथराम मंडीला निघालो होतो. राऊच्या पुढे चहाला थांबलो आणि सहज मागे वळून पाहिलं. बंड्या, गाडी सपाट! मागच्या स्प्रिंगचे पाटे भाराखाली बसलेले, नाक जागेवर, दिव्यांचा झोत रस्त्यावर बरोब्बर पडलेला. ड्रायव्हरच्या दाराखालच्या पट्टीवर लेव्हल बॉटल ठेवून बघितली (हो, डॅशबोर्डात असते, हस खुशाल), बुडबुडा मध्यावर. चहावाला विचारायला लागला, साब, कुछ गिर गया क्या? त्याला काय सांगणार! आणि दुसऱ्याच दिवशी घरी हे खोकं.

कारखान्यातून शेपूट वर ठेवून पाठवतात ती भारासाठीच, हे पोराला पटत नाही. तो म्हणतो, "बाबा, वर्षातले किती दिवस भरलेली असते?" इथेच मी अडकतो, कारण त्याचं चूक नाही. सीझन सोडला तर ती भाजी आणते आणि आईला दवाखान्यात नेते. मोकळी असताना नांगरटीच्या बांधावर पुढचा बंपर घासतो, तेही खरं. पण पुढून दोन इंच उचललेली गाडी भरली की आभाळाकडे बघत चालेल, आणि मानपूरच्या घाटात समोरच्याच्या डोळ्यांत दिवे. मोकळी असताना स्क्रूने दिवे खाली केले तरी भरल्यावर झोत वर जाणारच. रोज पाना घेऊन बसू?

शिवाय चकती एक इंचाची असली तरी शॉकरचा पाया खालच्या आर्मवर चाकाच्या अलीकडे, त्यामुळे चाकापाशी दीड-दोन इंच होतात. उस्तादाला हे माहीत आहे, पोराला सांगितलं नव्हतं. टो, कॅम्बर, कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांचे कोन, सगळे बिघडणार. अलाइनमेंट न करता चालवली तर टायर कडेने खाल्ले जाणार. खड्ड्यात चाक पूर्ण खाली सुटलं की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनात. नशीब फोर बाय फोर नाही, नाहीतर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे रबरी बूटही फाटले असते. मी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं, आरसीवर नोंदलेली कंपनीची मूळ रचना बदलू नये म्हणणारं, आणि त्यावरचा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. तर म्हणे, "आरसीवर नाकाची उंची कुठे लिहिलीये?" वकील करा याला.

तू म्हणशील, दिल्या, जीएसआयटीएस कॉलेजच्या वर्कशॉपमागे आपल्या जीपला मागे जास्तीचा पाटा कोणी घातला? तू घातलास, लबाडा! मी नको नको म्हणत होतो. मांडूपर्यंत दातावर दात आपटत गेलो आणि परतताना जोश्याची कवळी हरवली, ती तू अजून माझ्या नावावर खपवतोस.

मधला मार्ग सुचतोय: निम्म्या जाडीची चकती, चाकापाशी इंचभर. बांध घासणार नाही, पोराचं तोंड राहील, आणि भरल्यावर नाक जरासंच वर. बायको म्हणते, दोघांचं समाधान होणार नाही असं नेमकं तेच शोधलंत.

सईच्या अ‍ॅडमिशनचं काय झालं? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना सांग, लसणाची शेव पाठवतोय, कुरिअरवाल्याने चेपली तर मला बोलू नये.

आणि हे काम कर. तुझ्या मेव्हण्याकडे हीच गाडी आहे ना? चासीची पुढची-मागची उंची घे, मोकळी आणि भरलेली, दोन्ही. सपाट फरशीवर, हवा भरून. अंदाजपंचे नको. उस्तादाने रविवारची वेळ दिलीये, त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप कर.

तुझा,
दिल्या