मावशी देवी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस ना, "मी काय गं, त्याची आई थोडीच आहे, मावशीच शेवटी", तेव्हा मी नुसतं हं हं करत बसले, मला काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर इनो आठवली. तुला माझं ग्रीक पुराणांचं वेड माहितीये, वैताग येईल थोडा, पण चहा घेऊन बस आणि वाच, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाहीये.

इनो ही ग्रीसमधल्या थीब्सच्या राजाची, कॅडमसची मुलगी. पुढे ती समुद्रदेवी झाली, ल्यूकोथिया, म्हणजे शुभ्र देवी. समुद्राचा देव पोसायडन, त्याच्या दरबारात तशी मागच्या रांगेतलीच. पण आधी साधी बाई होती, नवरा, पोरं, सगळं असलेली. तिची बहीण सेमेली देवांच्या राजापासून, झ्यूसपासून, गरोदर राहिली, त्याची बायको हेरा जळफळली, म्हाताऱ्या दाईचं रूप घेऊन तिने सेमेलीच्या मनात भरवलं की तुझा प्रियकर खरंच देव असेल तर त्याला खऱ्या रूपात यायला सांग, आणि तो आला तो विजेसकट. सेमेली जळून गेली. पोटातलं बाळ झ्यूसने स्वतःच्या मांडीत शिवून वाढवलं आणि जन्मल्यावर ते कुणाकडे दिलं, तर इनोकडे. हेराला कळू नये म्हणून तिने त्याला मुलीसारखं वाढवलं म्हणे. तोच पुढचा डायोनिसस, द्राक्षांचा आणि वाइनचा देव. आपल्याकडची मावशीची ती म्हण तुला माहितीये, ताई गेल्यापासून मला ती तुझ्यासमोर म्हणवत नाही, पण इनोचं वाचताना तीच आठवते.

आता लगेच तिला डोक्यावर घेऊ नकोस हं. नवऱ्याच्या, अथामसच्या, पहिल्या बायकोची दोन मुलं होती, फ्रिक्सस आणि हेली, आणि त्यांच्यासाठी ही पक्की सावत्र आई. काय केलं तिने, तर गावातल्या बायकांना फितवून पेरणीचं बियाणं गुपचूप भाजून ठेवायला लावलं. भाजलेलं बी उगवणार कुठून! दुष्काळ पडला, राजाने देवाचा कौल मागायला डेल्फीला माणसं पाठवली, तर हिने त्यांनाच फोडलं आणि "फ्रिक्ससचा बळी द्या" असा निरोप आणवला. सोन्याच्या लोकरीचा मेंढा आला आणि दोघांना पाठीवर घेऊन उडाला म्हणून वाचली, तरी हेली वाटेत समुद्रात पडलीच. म्हणजे बहिणीच्या पोराला जिवापाड जपणारी आणि सवतीच्या पोरांच्या मुळावर उठणारी बाई एकच, मला ही गोष्ट आवडते ती त्यामुळेच, नाहीतर नुसत्या गुणी बाया काय, ढिगाने असतात गोष्टीत.

डायोनिससला वाढवल्याचा हेराने सूड घेतलाच. अथामसला वेड लावलं, त्याने स्वतःच्या मोठ्या मुलाला हरीण समजून मारलं, आणि इनो धाकट्या मेलिकर्टीसला उराशी धरून मेगाराजवळच्या कड्यावरून समुद्रात उडी मारून मोकळी झाली. (एका कथेत तीही वेडी होते आणि पोराला उकळत्या कढईत टाकते, ते मी वाचलं आणि पुस्तक मिटून टाकलं.) प्रेमाची देवी ॲफ्रोडायटी तिची आईकडून आजी, तिने पोसायडनकडे शब्द टाकला आणि दोघं देव झाली. पोराचं प्रेत डॉल्फिनने कॉरिंथजवळच्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आणलं आणि त्याच्या नावाने तिथे ऑलिंपिकसारखेच खेळ सुरू झाले, फक्त ते दर दोन वर्षांनी व्हायचे.

पण तिचा खरा सीन होमरच्या ओडिसी महाकाव्याच्या पाचव्या सर्गात आहे गं. ट्रॉयच्या युद्धानंतर घरी निघालेला ओडिसियस एकटा तराफ्यावर, अठराव्या दिवशी कुठे जमीन दिसते आणि पोसायडन वादळ सोडतो. डोलकाठी मोडते, कॅलिप्सो नावाच्या अप्सरेने दिलेले भारी कपडे भिजून त्यालाच खाली ओढतायत. तेवढ्यात समुद्रपक्ष्यासारखी ही पाण्यातून वर येते आणि तराफ्यावर बसते. म्हणते, कपडे काढ, तराफा सोड, पोहत जा, हा माझ्या डोक्यावरचा पदर घे आणि छातीखाली बांध, मरणार नाहीस. फक्त किनाऱ्याला लागलास की सोडून समुद्रात फेक आणि वळून बघू नकोस. आणि हा शहाणा काय करतो? हा पण कुठल्यातरी देवाचा डाव असेल म्हणून तराफा धरून बसतो! लाटेने लाकडं विखुरली तेव्हा कुठे पदर बांधला. दोन रात्री दोन दिवस पोहला. नदीच्या मुखाशी लागल्यावर त्याने तो सोडून पाण्यात टाकला, लाटेने वाहून नेला आणि इनोने लगेच हातात घेतला. बस एवढंच. ना आभार, ना नैवेद्य, ती पुन्हा त्या महाकाव्यात दिसत नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. रोमन लोकांनी तिला आपल्या मातेर मातुता देवीशी जोडलं. तिचा सण ११ जूनला असायचा, फक्त बायकांचा. एका दासीला देवळात आणून थोबाडीत मारून हाकलायचे, कारण म्हणे भाजलेल्या बियाण्याची चुगली दासीनेच केली होती (बिचारी, खरं बोलली आणि मार खाल्ला!). पण त्या दिवशी बायका स्वतःच्या मुलांसाठी काही मागायच्या नाहीत, बहिणीच्या मुलांसाठी मागायच्या. रोमन कवी ओव्हिड कारणही देतो, की ही आई म्हणून काही फारशी नशीबवान नव्हती, स्वतःच्या पोरांपेक्षा बाकसच्या जास्त कामी आली, बाकस म्हणजे तोच डायोनिसस, तिचा भाचा. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तुला मेसेज टाकणार होते, मग म्हटलं नको, नीट लिहू.

त्या सणाला तापलेल्या मातीच्या भांड्यात भाजलेला केक असायचा. मी ११ जूनला येतेच आहे तुझ्याकडे, केक बेकरीतूनच आणेन, मातीचं भांडं माझ्याच्याने होणार नाही. पोराला चॉकलेटचा चालतो का अननसाचा, ते तेवढं विचारून कळव.

तुझीच,
मंगी