प्रेमाचं लग्न टिकण्याबद्दल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

ठरवून केलेली लग्नं टिकतात, हे काकूंचं म्हणणं खोटं नाही. बोलणी, याद्या, देणंघेणं सगळं दोन घरांनी केलेलं असतं; मोडायचं तर दोन्ही घरांना चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. म्हणून पुष्कळजण कोर्टाची पायरीच चढत नाहीत. २०११च्या जनगणनेत घटस्फोटितांच्या सुमारे अडीचपट माणसं नुसतीच विभक्त राहत होती. याला टिकणं म्हणवत नाही मला.

तुझ्या आणि स्नेहाच्या आंतरजातीय प्रेमलग्नाला दोन घरांचं ते कुंपण नाही. कॅरिल रस्बल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बांधिलकीचे तीन आधार सांगितले: समाधान, बाहेरचे पर्याय आणि नात्यात घातलेलं भांडवल, म्हणजे वेळ, घर, दोघांचे मित्र. समाधान वरखाली होतंच. वाईट वर्षात हे भांडवल धरून ठेवतं. ते दोघांचं सारखं हवं.

गॅरी बेकर हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली. कमाई अपेक्षेपेक्षा घसरली तर लग्न मोडण्याची शक्यता वाढतेच, पण अपेक्षेपेक्षा वाढली तरीही वाढते! घात करतो तो अंदाज चुकल्याचा धक्का. पत्रिकेत ३६ पैकी ८ गुण नाडीचे. कर्ज, आजार, आईवडिलांची जबाबदारी यांना रकानाच नाही. तो तुम्ही वहीत आखा आणि खरे आकडे लिहा.

घरखर्च निम्मा-निम्मा करू नका. समज, तुझा पगार ६०,००० आणि स्नेहाचा ४०,०००, खर्च ५०,०००. निम्म्यात तुझ्याकडे ३५,००० उरतात, तिच्याकडे १५,०००. कुढणं इथूनच सुरू होतं. पगाराच्या प्रमाणात तू ३०,००० दे, तिने २०,००० द्यावेत.

मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली तर पगाराबरोबर तिचा पीएफ थांबतो, अनुभवाची वर्षं तुटतात. तिला नातं सोडणं महाग होतं, तुला नाही. मग घरात तुझाच शब्द चालायला लागतो, तुझ्या मनात नसलं तरी. तेव्हा तिच्या पीएफइतकी रक्कम दरमहा तिच्या नावावर टाक. हे आजच लिहून ठेव, तेव्हा सुचणार नाही.

विशेष विवाह कायद्याने लग्न करताय, तर जिथे लग्नाची नोटीस द्याल त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं नोटिशीआधीचे किमान ३० दिवस वास्तव्य लागेल. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटीस ३ महिनेच चालते. ते थांबायचे ३० दिवस वहीसाठी ठेवा. रोज एकच प्रश्न घ्या, आणि पहिला कर्जाचा.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अजित