पाणी ओसरल्यावरचे ७२ तास : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

पूर आला की राज्याची यंत्रणा माणसे वाचवण्यासाठी जिवाचे रान करते. बोटी येतात, एनडीआरएफची पथके येतात, शाळांमध्ये छावण्या उघडतात. पाणी ओसरले की बोटी परत जातात आणि पंचनाम्याची वाट सुरू होते. मधल्या दोन-तीन दिवसांत घराचे काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. घर पुन्हा राहण्याजोगे होणार की वर्षभर ओल आणि बुरशी सोसणार, हे बरेचसे याच ७२ तासांत ठरते. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर, शिरोळ इथे हे पुन्हा पुन्हा घडले आहे आणि पुढेही घडणार आहे.

सुरुवात पंचनाम्यापासून करतो, कारण पहिला अडथळा तोच आहे. साफसफाई केली तर नुकसान दिसणार नाही आणि मदत बुडेल, या भीतीने लोक चिखलाला हात लावत नाहीत. गाळ ओला असतो तोवर फावडे, वायपर आणि पाण्याच्या पाइपने निघतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी माती दोन दिवस सुकली की खरवडावी लागते आणि तिच्यासोबत भिंतीचा रंग व गिलाव्याचा पापुद्राही उचकटतो. बुरशीला तर २४ ते ४८ तास पुरतात. तेव्हा शासनाने स्पष्ट आदेश काढावा : प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मोजपट्टी लावून काढलेला फोटो, वीजमीटरच्या क्रमांकाचा फोटो, खराब सामानाच्या ढिगाचा फोटो आणि शेजारच्या दोन घरांतील सह्या एवढा पुरावा असेल, तर तलाठी येण्याआधी घर धुतले म्हणून कोणाचीही मदत नाकारली जाणार नाही. हा आदेश पाणी चढण्याआधी, जून महिन्यातच, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लागलेला हवा.

दुसरा अडथळा निकषांचा. घराच्या अंशतः नुकसानीसाठी किमान १५ टक्के पडझड पाहिली जाते. पडझड म्हणजे कोसळलेली भिंत, उडालेले छप्पर. सिमेंटचा गिलावा असलेले विटांचे घर पाच फूट पाण्यात उभे राहिले तरी सहसा पडत नाही. त्याची सगळी वायरिंग निकामी झालेली असते, पुट्टी फुगलेली असते, स्वयंपाकघरातले एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) कपाट भाकरीच्या पिठासारखे मऊ झालेले असते, आणि कागदावर पडझड शून्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट घातली गेली, तिच्यावर झालेली टीका आपल्याला आठवत असेल. चिपळूणच्या वाशिष्ठीचे आणि महाडच्या सावित्रीचे पाणी झपाट्याने चढते आणि पुष्कळदा दिवसभरात उतरते. सांगली-कोल्हापुरात ते आठवडाभर उभे राहते. पण स्विचबोर्डात पाणी जायला काही मिनिटे पुरतात, आणि जांभ्याची भिंत काही तासांतच पाणी ओढून घेते. म्हणून घर किती तास बुडाले यापेक्षा जोत्यावर पाणी किती फूट चढले, हे मोजले पाहिजे. वीजजोडणी, गिलावा आणि वाळवणी या तीन बाबींसाठी पाण्याच्या उंचीनुसार वेगळी मदत ठेवावी, ही आमची मागणी आहे.

आता विजेकडे वळतो, कारण पूर ओसरल्यावरही माणसे इथेच दगावू शकतात. रस्त्यावरची लाइन बंद आहे म्हणून घरातली वायर मृत आहे असे लोक गृहीत धरतात. पण माळ्यावर ठेवलेला इन्व्हर्टर कोरडा असेल तर भिजलेल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असू शकतात. छतावर बॅटरीसह सौरसंच असेल तर तोच धोका. म्हणून क्रम असा : पायाखाली पाणी असेल तर मेन स्विचला हातच लावायचा नाही, महावितरणकडून खांबावरून पुरवठा तोडून घ्यायचा, मग इन्व्हर्टरची वायर सोडायची, आणि त्यानंतरच झाडू उचलायचा. पाण्याखाली गेलेले स्विच, सॉकेट, एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वाळवून परत लावू नयेत. बाहेरून स्वच्छ दिसले तरी आतल्या संपर्कांत बारीक गाळ बसतो. एमसीबी दोष आल्यावर पडायचा थांबतो, आणि सॉकेट महिना-दोन महिन्यांनी तापून जळतो. पीव्हीसी आवरणाची अखंड वायर पुष्कळदा वाचते. बिघडतात ते जोड, आणि गिलाव्यातल्या पाइपच्या खालच्या वळणात साचून राहिलेले पाणी. ते ब्लोअरने फुंकून काढावे लागते, नाहीतर वायर ओढून नवी टाकावी लागते.

यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी करायची. घरातली सगळी उपकरणे काढून ठेवायची आणि फेज-न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला रोध मोजायचा. १ मेगाओमपेक्षा कमी आले तर तो सर्किट जोडायचा नाही. ३० मिलिअँपिअरचा नवा आरसीसीबी लावल्याशिवाय एकही घर पुन्हा चालू होऊ नये. एका घराला साधारण तासभर लागतो. दोघांची जोडी दिवसात सात-आठ घरे तपासते. २,००० घरे बुडालेल्या शहराला २५ जोड्या मिळाल्या तर दहा-अकरा दिवसांत काम होते. एवढे प्रशिक्षित वायरमन एका तालुक्यात मिळत नाहीत, पण शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री शिकणारी मुले प्रत्येक जिल्ह्यात आहेत. केरळने २०१८ च्या महापुरानंतर आयटीआयच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांसोबत घरोघरी दुरुस्तीला पाठवले होते. आपल्याकडे ते आधीपासून ठरवून, मेगर, रबरी हातमोजे आणि विम्यासह करता येईल.

फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर हे सुकले असे वाटून लोक लावून बघतात आणि उरलीसुरली मोटर जाळतात. गॅस सिलिंडर पाण्यात तरंगतो, रेग्युलेटर ओढला जातो. रेग्युलेटर आणि नळी दोन्ही बदलूनच शेगडी पेटवावी. गॅसचा वास आला तर तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

गाळ काढताना वरून खाली धुवावे : आधी भिंत, मग ओटा, मग फरशी. सगळा गाळ मोरीत लोटला तर चेंबर भरतात आणि पुढच्या सरीचे पाणी घरात परत येते. म्हणून गाळ रस्त्याच्या एका कडेला, गाद्या-सोफे-कपडे दुसऱ्या कडेला, आणि बॅटऱ्या, कीटकनाशके, रंगाचे डबे वेगळे, असे नगरपालिकेने पहिल्याच दिवशी भोंग्यावरून सांगावे. कापसाच्या गाद्या, फोमचे सोफे आणि पुराचे पाणी लागलेले धान्य टाकूनच द्यावे लागते. धुऊन वाळवलेल्या गव्हातही मैलापाणी मुरलेले असते. साफ करणाऱ्याच्या पायात गमबूट हवेत. २६ जुलै २००५ नंतर मुंबईत लेप्टोने (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाने) काय केले ते राज्याला माहीत आहे. पायाला जखम असलेला माणूस या चिखलात उतरणार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन हे लेप्टो टाळणारे औषध घेण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याच गल्लीत करावी.

ब्लीचिंग पावडरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दरवर्षी टनावारी पावडर वाया जाते. ओल्या गाळावर टाकलेली पावडर गाळातल्या सेंद्रिय घाणीतच खर्ची पडते, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. आधी गाळ काढायचा, साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि मगच जंतुनाशक. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. १० लिटरच्या बादलीत १५० ग्रॅम टाकले की अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. निवळी घेऊन ती फरशीवर आणि गिलाव्यावर लावायची, किमान दहा मिनिटे राहू द्यायची, मग धुवायचे. दमट गोदामात तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून जातो, त्यामुळे गेल्या पावसाळ्यातली पोती तपासल्याशिवाय वाटू नयेत. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ही पावडर कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. ही सूचना प्रत्येक पुडीवर मराठीत छापलेली असावी.

जमिनीखालच्या टाकीचा गाळ उपसून, भिंती घासून, ती पुन्हा भरायची आणि दर १,००० लिटरला १५० ग्रॅम पावडर विरघळवून २४ तास ठेवायची. ते पाणी पूर्ण टाकून द्यायचे. नव्याने भरलेल्या पाण्यात अर्ध्या तासाने ओ.टी. चाचणी (पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणारी) घेऊन ०.५ पीपीएम क्लोरीन दिसले, तरच पिण्यास द्यायचे. एक सावधगिरी : आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असताना भूमिगत टाकी किंवा प्लास्टिकची सेप्टिक टाकी पूर्ण रिकामी केली, तर बाहेरच्या दाबाने ती उचलली जाते किंवा दबते. इमारतींच्या तळघरांचेही तेच. आतले पाणी एका रात्रीत उपसले तर बाहेरच्या मातीचा दाब भिंतीवर येतो आणि तडे जातात. दिवसाला दोन-तीन फूट उतरवावे आणि रात्रीतून पाणी परत किती चढते ते पाहून पुढचे ठरवावे. शेतीचे साधे सबमर्सिबल गाळात अडकून जळतात. लागतात ते ट्रॅश पंप, म्हणजे गाळ-कचऱ्यासह पाणी उपसणारे पंप. तीन इंची पंप मिनिटाला हजार लिटरच्या आसपास गढूळ पाणी फेकतो. पंप आणि जनरेटर बंद तळघरात चालवू नयेत, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

आणि आता वाळवणी. आपल्याकडे हिचा कोणत्याही मदतीत उल्लेखच नसतो. ९ इंची विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर तुकडा साधारण ४०० किलोचा असतो. विटेने वजनाच्या १५ टक्के पाणी धरले तर त्या तुकड्यात ६० लिटर पाणी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चार फूट पाणी चढले, तर भिजलेली भिंत सुमारे १५ चौरस मीटर होते. म्हणजे एका खोलीच्या भिंतींत ९०० लिटर पाणी मुरलेले असू शकते. फरशी पुसून, पंखा लावून हे जात नाही. नैसर्गिकरीत्या भिंत वाळायला जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण महिना लागतो, असा ठोकताळा आहे. जुलै-ऑगस्टच्या कोकणात हवेची आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत असते, तेव्हा खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर उलट ओल आत येते. पाऊस थांबून ऊन पडले की खिडक्या उघडाव्यात आणि पंखे बाहेरच्या दिशेने लावावेत. पावसात खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून टाकीत जमा करणारे यंत्र) चालवावा. हे यंत्र भिंतीच्या गाभ्यातले पाणी आठवड्यात काढू शकत नाही, पण खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवते. तेवढ्याने बुरशीची वाढ रोखली जाते आणि पृष्ठभाग सुकतो. दमा असलेल्या माणसाला आणि तान्ह्या बाळाला त्या घरात झोपता येणे यावर अवलंबून आहे.

वाळवणीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे घाईने लावलेला रंग. गणपती तोंडावर आलेले असतात, घर घाणेरडे दिसते, म्हणून लोक पुट्टी आणि ऑइलपेंट मारून घेतात. आत कोंडलेले पाणी दिवाळीपर्यंत पोपडे काढते आणि सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो. खरे तर उलट करायला हवे : पाण्याच्या रेषेच्या वर एक फूटपर्यंत जुना रंग आणि पुट्टी खरवडून टाकावी, कारण पाणी रेषेच्या वरही ओढले जाते. जिप्समचा गिलावा मऊ झाला असेल तर काढावाच लागतो. सिमेंटचा गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहावा, पोकळ वाजेल तेवढाच फोडावा. वाळताना लोणा (भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुलला तर तो कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुतला की क्षार परत आत जातात. भिंत तयार झाली की नाही हे पाहायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, किमान १६ तास, ठेवावे. आतून थेंब दिसले तर रंगाचा विचार सोडावा. ही चाचणी फुकटात होते आणि आशाताईंपासून ग्रामसेवकांपर्यंत कोणीही शिकवू शकते.

लाल आणि निळ्या पूररेषेतल्या (नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषांमधल्या) प्रत्येक नगरपालिकेसाठी तालुक्याच्या गोदामात एक संच असावा : किमान ५० डीह्युमिडिफायर, १०० मोठे पंखे, २० ट्रॅश पंप, त्यांना पुरतील असे जनरेटर, २५ मेगर, ओलावा मोजायची यंत्रे आणि गमबूट. यंत्रे घराघरांत चार-पाच दिवस फिरवावीत. वृद्ध, आजारी आणि लहान मुले असलेल्या घरांना आधी द्यावीत. पैशाचा मार्गही आहे : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी आपत्ती निधीची विभागणी करताना मदतीला ४० टक्के, पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीला ३० टक्के आणि सज्जता व क्षमताबांधणीला १० टक्के असे वेगळे कप्पे केले. घर वाळवणे हे पुनर्प्राप्तीच्याच कप्प्यातले काम आहे. संच हाताळायला आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षित केलेले स्वयंसेवक, आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात बचावाच्या जोडीला दोन दिवस या कामासाठी द्यावेत.

भाडेकरूंचा उल्लेख वेगळा करतो. भिंत मालकाची आणि सामान भाडेकरूचे, त्यामुळे दोघांपैकी कोणीच भिंत वाळवत नाही. वाळवणीचा संच राहणाऱ्याच्या अर्जावर मिळावा, मालकी हक्काचा कागद मागू नये.

मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयांत मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. येत्या बैठकीत यंत्रांच्या यादीसोबत ती चालवून पाहिल्याची नोंदही मागावी, अशी विनंती आहे. प्रत्येक पंप पाण्यात सोडून अर्धा तास, प्रत्येक डीह्युमिडिफायर बंद खोलीत रात्रभर, आणि सकाळी त्याच्या टाकीत किती लिटर पाणी जमले ते लिहून ठेवायचे. ज्याच्यात पाणी जमले नाही त्याचा गॅस गेलेला असू शकतो, आणि तो भरून घ्यायला मे महिन्यात वेळ असतो.

आपले,
पूरग्रस्त घरांच्या दुरुस्तीचे काम करणारे वीजतंत्री, गवंडी, नळ कारागीर आणि स्थापत्य अभियंते