पेड कुठं सोडायचा, हे शिकवणाऱ्या तात्यांना

ती. तात्या, सा. न.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठिवतो" म्हणून मोकळे होता. सूनबाई वाचून दाखवतील.

पॅराकॉर्डचा, म्हणजे नायलॉनच्या दोरीचा, आसूड विणायचा म्हणून मी आलो, तेव्हा मापं तोंडपाठ होती. मुठीत पोलादी सळई, गाभ्याच्या दोरीत वजनाला बारीक छर्रे, त्यावर चौपेडी वेणी, मग आठपेडी, वरून बारापेडी. पण पेड ओढायचा किती, हे कुठल्या मापात लिहिणार? तुम्ही जन्मभर घायपाताच्या वाखाची दावी, कासरे वळलेत, मरीआईच्या पोतराजांना कोरडे, म्हणजे अंगावर ओढायचे आसूड, करून दिलेत. नायलॉन बघून आधी नाकच मुरडलंत: "ह्यो घसरतोय. वाखावानी धरत न्हाई." मग मूठ खिळ्याला अडकवून समोर बसवलंत. प्रत्येक पेडाला करंगळीभोवती एक वेढा, आणि ओढ मनगटाची नाही, पाठीची. डावा-उजवा ताण सारखा राहिला की वेणी आपोआप सरळ उतरते.

खरी विद्या पुढं होती. आसूड शेपटाकडे निमुळता व्हायचा तर पेड कमी करत जायचे. एक डावीकडचा कापून गाभ्यात दडपायचा, पुढचा उजवीकडचा, तोही चार बोटं खाली, म्हणजे एका जागी फुगवटा येत नाही. तुम्ही डोळे मिटून अंगठा फिरवायचात आणि अडला की तेवढंच म्हणायचात, "उसव." (दोनदा मनातल्या मनात शिव्या घातल्या, आता सांगायला हरकत नाही.) शेवटी सगळा आसूड पाटाखाली घालून लाटायला लावलात, तेव्हा पेड बसले.

पुस्तकी भाषेत सांगायचं तर मुठीपासून निघालेला वेढा बारीक होत जाणाऱ्या दोरीत वेग घेतो आणि टोकाशी आवाजाचा वेग, म्हणजे ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर, ओलांडतो. कडाका होतो तो हवेत. आसूड कशावर आपटावा लागत नाही. तुमच्या भाषेत, "जाडाचा जोर बारकाला." मध्ये फुगवटा असता तर तो जोर तिथंच मेला असता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, तेव्हा पोळ्याला येताना चहापत्तीचा मोठा पुडा आणतोय. वाख भिजवून ठेवा. आता घायपाताचा करू.

तुमचा,
नायलॉनवाला