‘गरमागरम वाढा’ झाल्यानंतरचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील पाककृती मी कित्येक वर्षे नेमाने वाचतो आणि त्यांतल्या बऱ्याच घरी करूनही पाहतो. त्या सदराविषयी एक तक्रार आणि एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सदरातील कोंबडीची पाककृती बहुधा ‘अर्धा किलो बोनलेस चिकन’ या शब्दांनी सुरू होते आणि ‘गरमागरम वाढा’ या शब्दांवर संपते. प्रत्यक्षात कोंबडी अर्ध्या किलोची नसते, बोनलेस तर नसतेच, आणि पाने उचलली गेल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरते त्याचे काय करायचे, हा घरातला खरा प्रश्न तुमची पाककृती संपते तिथून सुरू होतो.

हे मला उशिरा कळले, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरी रविवारचे सामिष जेवण पुरुषाने रांधायचे अशी वडिलांच्या काळापासूनची पद्धत आहे. त्यामुळे तीस वर्षे रश्श्याचे कौतुक माझ्या वाट्याला येत राहिले आणि उरलेला रस्सा पत्नीच्या वाट्याला. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिने फ्रिज माझ्या ताब्यात आला. पहिल्याच रविवारी नारळाच्या वाटणाचा रस्सा मी मोठ्या पातेल्यात, झाकण घालून, रात्रभर ओट्यावर ठेवला. वैशाखाचे दिवस होते. सकाळी झाकण काढले तेव्हा रश्श्यावर बुडबुडे धरले होते आणि वास आंबूस झाला होता. चार माणसांचे एक वेळचे जेवण गटारात ओतताना पत्नी पलंगावरून एवढेच म्हणाली, की इतकी वर्षे हे पातेले रात्री आपोआप फ्रिजमध्ये जात होते असे तुम्हाला वाटले होते का.

त्यानंतर मी अख्खी कोंबडी आणून ती पुरती वापरायची असे ठरवले. दुकानात बोनलेसचा किलोचा भाव अख्ख्या कोंबडीपेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि त्या जादा पैशांत आपण मान, पंख, पाठीचा सांगाडा, कलेजी आणि पेठा दुकानातच सोडून येतो. जिवंत दोन किलो भरणारी ब्रॉयलर कोंबडी सोलून साफ केल्यावर माझ्या घरच्या काट्यावर साधारण सव्वा किलो भरते. शिजल्यावर हाडांपासून सोडवलेले मांस अर्ध्या किलोच्या थोडे वर जाते. एवढ्यात आमच्या चौघांची दोन जेवणे सहज होतात आणि रस्सा वेगळाच. दुकानदाराला मात्र ‘तुकडे करू नका’ असे वजन होण्याआधीच सांगावे लागते, कारण त्याचा सुरा आपल्या विचारापेक्षा वेगाने चालतो. कातडीसकट हवी असेल तर तेही आधीच सांगावे. आपल्याकडे शहरांत सोलून देण्याचीच चाल आहे. गावाकडे मात्र गावरान कोंबडीची पिसे काढून ती जाळावर भाजतात आणि हळद चोळून मगच कापतात, त्या कातडीची चव रश्श्याला येते.

कोंबडी घरी आणल्यावर ती नळाखाली खळखळून धुण्याची आपली सवय वर्षानुवर्षांची आहे, आणि तीच अडचणीची आहे. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू असू शकतात, ते धुण्याने जात नाहीत. उलट नळाच्या धारेने उडालेल्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कोथिंबिरीवर आणि पोळपाटावर जाऊन बसतात. धुतल्यावाचून हात लावणार नाही, असे म्हणणारी माणसे माझ्या घरातही आहेत. त्यांनी निदान पातेल्यात पाणी घेऊन त्यात कोंबडी हलक्या हाताने बुडवून काढावी, पाणी जपून ओतावे आणि मग पातेले, बेसिन व हात साबणाने धुवावेत.

ओव्हन असलेल्यांनी सव्वा किलोची कोंबडी १९० अंशांवर साधारण सव्वा तास भाजावी. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, आणि अशी घरे अजूनही पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी पाच लिटरचा कुकर पुरेसा आहे. कोंबडीला आतून-बाहेरून मीठ, हळद आणि आले-लसूण चोळून तासभर फ्रिजमध्ये ठेवावी. कुकरच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या पसराव्यात, त्यांवर कोंबडी पाठीवर ठेवावी, दोन पेले पाणी घालावे, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून बारा-पंधरा मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. गावरान कोंबडी असेल तर वेळ दुपटीहून अधिक लागतो. तंगडी जिथे धडाला जोडलेली असते तिथल्या जाड मांसाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले पाहिजे; टोकदार सुईचा तापमापक असेल तर शंका राहत नाही, नसेल तर त्या सांध्यात सुरी खुपसावी आणि आतून येणारे पाणी लालसर दिसले तर पुन्हा शिजवावे. मग कोंबडी अलगद उचलून कढईत थोड्या तेलावर चहूबाजूंनी खरपूस करावी. ओव्हनमधल्या कोंबडीसारखी ती दिसणार नाही, पण कुकरात जे पाणी उरते ते ओव्हन देत नाही. आमच्या भागात त्याला अळणी म्हणतात. याच अळणीत खसखस, तीळ, काजू आणि नारळाचे दूध गेले की पांढरा रस्सा होतो आणि कांदा-लसूण मसाला गेला की तांबडा. पहिल्या दिवशी तंगड्या, पंख आणि रस्सा वाढावा. छातीचे मांस मुद्दाम मागे ठेवावे, कारण ताटात ते कोरडे लागते आणि दुसऱ्या पदार्थात मात्र तेच सर्वांत उपयोगी पडते.

आता जी अडचण कोणत्याही परदेशी पाककृतीत सापडणार नाही, तिच्याविषयी. आपल्याकडे कोंबडी रविवारी होते. दुसऱ्या दिवशी सोमवार. कित्येक घरांत त्या दिवशी सामिष चालत नाही, अनेकांचा मंगळवारही गणपतीचा किंवा देवीचा असतो, आणि मग उरलेल्या कोंबडीला थेट बुधवार उजाडावा लागतो. म्हणजे तीन दिवस. शिजवलेले मांस फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस चांगले राहते असे अन्नसुरक्षेचे नियम सांगतात, तेव्हा आपल्या वारांच्या हिशोबात बुधवार कसाबसा बसतो. पण केव्हा बसतो, तर रविवारी दुपारी ते वेळेवर आणि नीट फ्रिजमध्ये गेले असेल तर. आमच्या शेजारच्या घरात हे गणित सोडवण्यासाठी अख्खी कोंबडी शुक्रवारी आणतात आणि रविवारपर्यंत संपवतात. मला ते रविवारच्या हट्टापेक्षा शहाणपणाचे वाटते, परंतु आमच्या घरी अजून कोणी ऐकत नाही.

वेळेवर म्हणजे शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि चैत्र-वैशाखात स्वयंपाकघर बत्तीस अंशांच्या वर तापलेले असेल तर तासाभरात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधला पट्टा जिवाणूंच्या वाढीला मानवतो, आणि मोठे पातेले या पट्ट्यातून फार सावकाश खाली उतरते. बाहेरून कोमट लागणारा रस्सा मध्यभागी बराच वेळ गरम असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि असे सावकाश निवणारे पातेले त्यांना फार आवडते. माझा रस्सा निदान बुडबुड्यांनी बोलला तरी. या जिवाणूने बिघडलेला रस्सा वासावरून ओळखू येईलच असे नाही. म्हणून मांस हाडांपासून सोडवून उथळ डब्यांत पसरावे, रश्श्याचे पातेले परातीतल्या गार पाण्यात ठेवून ढवळावे आणि निवताच लहान भांड्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. नारळाचे वाटण लवकर आंबते, तेव्हा जेवढा रस्सा त्या दिवशी लागणार तेवढ्याच अळणीत वाटण घालावे आणि उरलेली अळणी तशीच ठेवावी, ही युक्ती पत्नीची. गरम करताना लागेल तेवढेच बाहेर काढून खळखळून उकळावे. सगळे पातेले रोज तापवून पुन्हा आत ढकलू नये. गोव्यातले सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, दिवसेंदिवस मुरत ठेवतात, मग आपला रस्सा का नाही, असे मला एका मित्राने विचारले होते. सोरपोतेलात व्हिनेगरचा आंबटपणा असतो, आपल्या वाटणात नसतो, एवढे त्याचे उत्तर आहे. आणि दुरुस्तीसाठी वीज जाते त्या दिवशी फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास थंडावा धरतो.

उरलेल्या पोळीला आपल्या भाषेत फोडणीची पोळी, कुस्करा अशी नावे आहेत, उरलेल्या भाताला फोडणीचा भात आहे. उरलेल्या कोंबडीला मात्र मराठीत असे नाव माझ्या ऐकण्यात नाही; ‘कालचा रस्सा’ एवढ्यावर आपण भागवतो. इंग्रजांच्या काळातील अँग्लो-इंडियन स्वयंपाकघरांत रविवारचे भाजलेले मांस दुसऱ्या दिवशी कांदा आणि मिरचीवर परतत असत, त्यातून जालफ्रेझी आली, आणि आज आपण हॉटेलात बसून तोच शिळ्या मांसाचा पदार्थ ताजा करवून घेतो व भरपूर पैसे देतो. घरी तो वीस मिनिटांत होतो. माझा स्वतःचा कल मात्र आगाशीच्या भुजिंगाकडे आहे. विरारजवळच्या या गावात निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी, बटाटा, हिरवी मिरची आणि पोहे एकत्र परततात. ते भुजिंग घरी तसे होणार नाही, कारण निखारे नाहीत. पण छातीचे मांस बोटांनी सोडवून, तेलावर आले-लसूण-मिरचीच्या ठेच्यात खरपूस परतून त्यात भिजवून निथळलेले जाडे पोहे घातले, वरून लिंबू पिळले, तर पाव किलो मांसात चार माणसांचा भरपेट नाश्ता होतो. पोहे घालण्याआधी मांस पुरते गरम झाले पाहिजे, कारण पोहे पडल्यावर कोणी फार वेळ परतत नाही. अंड्याच्या भुर्जीत मूठभर मांस घालणे ही त्याहून आळशी आणि तितकीच चांगली सोय.

हाडे राहिली. ती पुन्हा कुकरात घालावीत, बरोबर मान आणि पाय, चार मिरी, एक कांदा, बुडेल इतके पाणी आणि मंद आचेवर पाऊण तास. ही दुसरी अळणी पहिल्याइतकी दाट नसते, परंतु पुलावाला साध्या पाण्याऐवजी ती वापरली तर भात बोलतो. गाळून, निववून, बर्फाच्या साच्यात गोठवली तर दोन-तीन महिने हाताशी राहते. पिशवीवर तारीख लिहावी, कारण फ्रीझरमधल्या पिशव्या सगळ्या सारख्याच दिसतात. शिजलेली हाडे कुत्र्यांना मात्र घालू नयेत, ती टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. आणखी एक गोष्ट, जी लिहिताना थोडा संकोच वाटतो: तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला रस्सा चौथ्या दिवशी कामवाल्या बाईंच्या डब्यात घालण्याची चाल अनेक घरांत आहे. द्यायचाच असेल तर तो रविवारी, आपल्या पानात वाढतानाच द्यावा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ मधील अहवालात, २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतूनच गेल्याचा अंदाज दिला आहे. भारतातील घरांसाठी तो माणशी वर्षाला ५५ किलो आहे. या आकड्यांत हाडे आणि सालीही धरलेल्या आहेत, हे खरे. पण माझ्या त्या वैशाखातल्या पातेल्यासारखी पातेलीही त्यातच आहेत.

माझी विनंती लहान आहे. आषाढ अमावास्या जवळ येत आहे. गटारीच्या आदल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत कोंबडीच्या पाककृतींची रांग लागेल, आणि त्या दिवशी घरोघरी गरजेच्या दुप्पट कोंबडी आणली जाईल. दुसऱ्या दिवसापासून श्रावण; ज्या घरांत तो कडक पाळतात तिथे फ्रिजसुद्धा धुऊन घेतात, तेव्हा उरलेले गोठवून ठेवण्याची सोयही नाही. म्हणून निदान त्या अंकात प्रत्येक पाककृतीच्या शेवटी दोन ओळी वाढवाव्यात: हा पदार्थ किती माणसांना पुरतो, आणि उरला तर कसा व किती दिवस ठेवावा. सुरुवात ‘अर्धा किलो बोनलेस’ऐवजी ‘एक अख्खी कोंबडी, साफ केलेली, सव्वा किलो’ अशी करता आली तर अधिक बरे. जागा कमी पडत असेल, तर कोथिंबीर भुरभुरलेल्या वाटीचे छायाचित्र थोडे लहान छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, कराड